तग धरायचा कुणी?

आमच्या धंद्यात 'रेझिलियन्स' हा शब्द दिवसातून दहा वेळा तोंडात येतो. सिस्टीम रेझिलियंट हवी, म्हणजे काय, तर रात्री दोन वाजता एखाद्या सर्व्हरने मान टाकली तरी गिऱ्हाइकाला त्याचा पत्ता लागता कामा नये. दुसऱ्या कुणीतरी मुकाट्याने त्याचं काम उचललं पाहिजे. नेटफ्लिक्सवाल्यांनी तर यासाठी 'केऑस मंकी' नावाचं एक माकडच पाळलं होतं. हे माकड (म्हणजे एक प्रोग्रॅम) भर कामाच्या वेळेत आपल्याच कंपनीचे चालते सर्व्हर मनाला येईल तसे बंद पाडायचं. एक खांब काढला तर मांडव कोसळतो का, हे आपल्याच हाताने बघून घ्यायचं, एवढाच हेतू. आता समजा, कोसळला मांडव. मग काय करायचं? मांडव नीट बांधायचा. पडलेल्या खांबाला बाजूला बसवून "बाळा, जरा खंबीर हो, सकाळी लवकर उठून प्राणायाम करत जा" असं सांगणारा इंजिनिअर मी तरी अजून पाहिलेला नाही.

हाच शब्द विद्यापीठांत पोचला आणि त्याचा अर्थ बरोब्बर उलटा झाला. तिथे तग धरायचा तो माणसाने. मांडव आहे तस्साच राहणार. 'तरुण संशोधकांसाठी मनःस्वास्थ्य आणि खंबीरपणा' अशा छापाच्या कार्यशाळा हल्ली ठिकठिकाणी होतात. होऊ देत, मला त्यांचं वावडं नाही. पण अशा एका कार्यशाळेची हकीकत ऐकली आणि हा लेख लिहायला बसलो.

माझी एक मावसबहीण एका राज्य विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएच.डी. करतेय. (विद्यापीठाचं नाव मुद्दाम देत नाही, तिला अजून थिसिस जमा करायचाय.) तिच्या विभागात तणाव व्यवस्थापनावर एक दिवसाची कार्यशाळा झाली. उपस्थिती सक्तीची, शेवटी प्रमाणपत्र. पाहुण्या वक्त्यांनी श्वासाचे व्यायाम करून घेतले आणि सांगितलं, की अडचणींकडे संधी म्हणून बघायला शिका. त्या दिवशी हॉलमध्ये बसलेल्या निम्म्याअधिक मुलांची फेलोशिप पाच महिने आलेली नव्हती. मागच्या रांगेतल्या एका पोराने हात वर केला आणि विचारलं, "सर, मेसचं बिल संधी म्हणून भरता येईल का?" हशा झाला, सरही हसले, कार्यक्रम पुढे गेला. मला हे सांगताना बहीण म्हणाली, "दादा, ते श्वासाचं खरंच बरं होतं रे. रात्री झोप लागली. पण सकाळी उठून बघितलं तर खात्यात तेवढेच पैसे."

तुम्ही म्हणाल, तू कोड लिहिणारा माणूस, तुला संशोधनातलं काय कळतंय? संशोधनातलं खरंच फार कळत नाही. पण सगळा भार एकाच ठिकाणी आला की काय होतं हे मी पंधरा-वीस वर्षं रोज बघतोय, आणि पीएच.डी. करणाऱ्या माणसाच्या आयुष्याचा आराखडा कागदावर काढला तर तो तसाच दिसतो. माणसं कच्ची निघालीत असं मला वाटत नाही. जोडणी चुकीची आहे.

पुरावा हवा असेल तर तोही आहे. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात कातिया लेव्हेक आणि सहकाऱ्यांनी ३,६५९ पीएच.डी. विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ३२ टक्के मुलांना नैराश्यासारखा एखादा मानसिक आजार असण्याचा किंवा जडण्याचा धोका दिसला. तेवढ्याच शिकलेल्या इतर लोकांपेक्षा हे प्रमाण बरंच जास्त होतं. २०१९ साली 'नेचर' या नियतकालिकाने जगभरातल्या सहा हजारांवर पीएच.डी. विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले, तेव्हा ३६ टक्के जणांनी सांगितलं, की पीएच.डी.पायी आलेल्या चिंतेसाठी किंवा नैराश्यासाठी त्यांनी मदत घेतली. आता असल्या प्रश्नावल्या भरणारे लोक आधीच वैतागलेले असतात, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून मला आकड्यांपेक्षा बेल्जियमवाल्यांनी कशाकशाचा संबंध लावून पाहिला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. कामाचा रेटा, घर आणि काम यांची ओढाताण, आपल्या कामावर आपला ताबा किती, आणि गाईड कसा वागतो. या सगळ्या गोष्टी मुलाच्या बाहेरच्या आहेत. त्याच्या 'मानसिकते'तल्या नाहीत.

पैशापासून सुरुवात करू, कारण संशोधनाच्या गप्पांत तो विषय काढणं असभ्य समजतात.

आपल्याकडे नेटची परीक्षा देऊन ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळवणारा म्हणजे त्यातल्या त्यात नशीबवान. त्याची रक्कम २०१४ साली महिना २५,००० झाली. मग २०१९ साली ३१,०००, तीही देशभरातली संशोधक पोरं रस्त्यावर उतरल्यावर. मग २०२३ साली ३७,०००, आणि सिनिअर फेलोला ४२,०००. घरभाडे भत्ता वेगळा. आकडे तसे वाईट नाहीत. पण मधल्या चार-चार वर्षांत एक पैशाची वाढ नाही, आणि पुढची वाढ कधी होणार याचं वेळापत्रक नाही. आमच्या क्षेत्रात एका वर्षी अप्रेझल तीन महिने पुढे ढकललं तर काय बोंबाबोंब होते ते आठवून बघा! आणि हे झालं भाग्यवंतांचं. नेट नसलेल्यांना केंद्रीय विद्यापीठांत जी महिना ८,००० ची फेलोशिप मिळायची, तीसुद्धा २०१५ साली बंद करायचा घाट घातला गेला, तेव्हा मुलं दिल्लीत यूजीसीच्या दारात ठाण मांडून बसली. राज्य विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एखाद्या तालुक्याच्या कॉलेजातून पीएच.डी. करणाऱ्यांपैकी कित्येकांना तर काहीच नसतं. ती मुलं तासिका तत्त्वावर शिकवतात. तासाला पैसे, सुट्टीत शून्य, आणि मानधनाचं बिल निघेपर्यंत दुसरं सत्र उजाडतं.

रकमेपेक्षाही छळतो तो उशीर. यूजीसीने फेलोशिप थेट खात्यात जमा करायला कॅनरा बँकेचं पोर्टल वापरायला घेतलं, तेव्हा मला कौतुक वाटलं होतं. मग एका मित्राकडून त्याचं चालणं कळलं. विद्यापीठात एक 'मेकर' आणि एक 'चेकर'. विद्यार्थी हजर आहे, याला पैसे द्या, असं मेकरने दर महिन्याला नोंदवायचं आणि चेकरने मंजूर करायचं. बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये ही पद्धत मुरलेली आहे आणि कागदावर ती उत्तम आहे. पण मेकर रजेवर गेला, चेकरची बदली झाली, पासवर्ड जुन्या साहेबांच्या मोबाईलवर अडकला, की त्या विद्यापीठातली सगळी मुलं त्या महिन्याला कोरडी. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. म्हणूनच तर कुणाला जाबही विचारता येत नाही. २०२४-२५ मध्ये केंद्राच्या 'इन्स्पायर' फेलोशिपचे पैसे कित्येक महिने थकले. पैसे वाटपाची पद्धत बदलणं हे त्यामागचं एक कारण होतं. गंमत बघा, आम्ही नवी सिस्टीम चालू करतो तेव्हा जुनी काही महिने शेजारी चालू ठेवतो. 'मायग्रेशन' चाललंय म्हणून गिऱ्हाइकाने आठ महिने उपाशी राहावं, असं सांगायची आमची छाती नाही.

"मिळतात की शेवटी, थकबाकी एकदम मिळते," असं कचेरीतले लोक म्हणतात. मिळते, खरंय. पण घरभाडं एकदम द्यायचं नसतं. मधल्या काळात मित्राकडून हातउसने, मग दुसऱ्या मित्राकडून, मग वडिलांना फोन, आणि वडील शेतकरी असले किंवा निवृत्त झालेले असले तर तो फोनही नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी, एम.एस्सी.ला पहिला आलेला मुलगा घरी खोटं सांगायला शिकतो. गावाकडे लग्नकार्याला जायचं टाळतो. 'अजून शिकतोयस का?' हा प्रश्न टाळायचा असतोच, पण खरं म्हणजे आहेराचे आणि एस.टी.चे पैसे नसतात. याला तुम्ही 'एकलकोंडेपणा' म्हणून समुपदेशकाकडे पाठवणार का?

हैदराबाद विद्यापीठातल्या रोहित वेमुलाच्या जानेवारी २०१६ मधल्या मृत्यूबद्दल खूप लिहिलं गेलंय. त्यातला जातीचा प्रश्न फार मोठा आहे, आणि कुठलाही असा मृत्यू एका कारणात बसवू नये हेही खरं. मी फक्त एका तपशिलाकडे बोट दाखवतो. त्याच्या शेवटच्या पत्रात हिशेब होता. सात महिन्यांची फेलोशिप येणं आहे, एक लाख पंचाहत्तर हजार रुपये, ती घरच्यांना द्यावी. महिना २५,००० गुणिले सात. त्या वाक्याशी मी दर वेळी अडखळतो.

आपल्या राज्याचंही सांगायला हवं. डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत सारथीच्या फेलोशिपची चर्चा चालू असताना तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार म्हणाले, की पीएच.डी. करून काय दिवे लावणार? त्यावर गदारोळ झाला. मला त्यातला उर्मटपणा तितका लागला नाही. राजकारणी बोलतात, लोक ओरडतात, दोन दिवसांत विसरतात. लागलं ते हे, की हा प्रश्न त्या मुलांना घरी, गल्लीत, लग्नाच्या बैठकीत रोज विचारला जातोच, आता सभागृहातूनही आला. आणि त्याच महिन्यात, २४ डिसेंबरला, बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्या फेलोशिपसाठी पात्रता परीक्षा झाली, तेव्हा हातात पडलेली प्रश्नपत्रिका २०१९ च्या सेट परीक्षेचीच आहे असं मुलांच्या लक्षात आलं. १० जानेवारी २०२४ ला ती पुन्हा घेतली, तर प्रश्नपत्रिकांच्या सीलवरून पुन्हा गोंधळ. या मुलांनी पीएच.डी.ला नाव नोंदवून वर्ष-दोन वर्षं झाली होती. प्रयोगशाळा सोडून ती आझाद मैदानात आणि परीक्षा केंद्रांबाहेर बसली होती. तिथे जो तग धरला गेला त्याची कार्यशाळा कुठल्याही तज्ज्ञाने घेतली नव्हती.

आता गाईड. इथे जरा थांबतो, कारण हा विषय नाजूक आहे आणि माझ्या ओळखीत तीन-चार गाईड आहेत, सगळे सज्जन.

ज्या एका भागावर सगळं अवलंबून असतं, आणि तो पडला की सगळं पडतं, त्याला आम्ही 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतो. पीएच.डी.च्या आराखड्यात गाईड नेमका तिथे बसलेला आहे. विषय त्याने ठरवायचा, प्रगती अहवालावर सही त्याची, फेलोशिप चालू ठेवायचा दाखला त्याचा, रजा त्याच्याकडे, परिषदेला जायची परवानगी त्याची, शोधनिबंधात नाव कितवं ते तो सांगणार, थिसिस जमा करायला 'हो' त्याचं, आणि पुढची पंधरा वर्षं प्रत्येक नोकरीच्या अर्जावर शिफारसपत्र त्याचंच. हा माणूस देवमाणूस असला तरी आराखडा वाईटच. कारण देवमाणसंही आजारी पडतात, निवृत्त होतात, कुलसचिव होतात. आमच्याकडे मॅनेजरशी पटलं नाही तर टीम बदला, तेही नाही जमलं तर नोटीस देऊन दुसरीकडे जा. दोन महिन्यांत नवा बॅज गळ्यात. पीएच.डी.च्या चौथ्या वर्षी गाईड बदलणं म्हणजे चार वर्षं पाण्यात, शिवाय "त्याचं गाईडशी पटलं नाही" हा शिक्का. (लग्नामुळे गाव बदललं तर विद्यार्थिनीला संशोधन दुसरीकडे नेता येतं, अशी तरतूद यूजीसीच्या नियमांत आहे. गाईडपेक्षा नवरा बदलाचं मोठं कारण धरलाय, हे आपल्या रीतीला धरूनच झालं.)

नियम अगदीच नाहीत असं नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे प्रत्येक संशोधकामागे एक सल्लागार समिती असते. दर सत्राला तिच्यापुढे प्रगती मांडायची, काही चुकत असेल तर समितीने सांगायचं. वाचून बरं वाटतं. मग पुढची ओळ वाचायची: या समितीचा निमंत्रक कोण, तर गाईड! आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या महिन्यात शिकवतात, की ज्या सर्व्हरवर लक्ष ठेवायचंय त्याच सर्व्हरवर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम बसवू नकोस. तो पडला तर कळवणार कोण? प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ही बैठक चहा-बिस्किटांत होते आणि 'प्रगती समाधानकारक' एवढं लिहून संपते. विद्यार्थी जे बोलायला आलेला असतो ते समोरच बसलेल्या माणसाबद्दल असतं.

गाईड लोकांची बाजूही ऐका. प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६, सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निम्म्या जागा रिकाम्या असलेल्या विभागात जो उरलाय त्याच्या अंगावर वर्ग, परीक्षा, नॅकच्या फायली, प्रवेश समिती आणि वर हे आठ जण. आणि माणसं कशी सांभाळायची हे त्याला कुणी कधी शिकवलेलंच नसतं. तो उत्तम रसायनशास्त्रज्ञ आहे म्हणून त्याच्या हाती आठ तरुणांची पाच-पाच वर्षं दिलेली असतात. आमच्या कंपन्या काही आदर्श नाहीत, पण पहिल्यांदा टीम लीड होणाऱ्याला निदान दोन दिवस बसवून एवढं तरी सांगतात, की चारचौघांत माणसाला झापू नये.

एवढं सगळं लिहिल्यावर उलट बाजूने एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. संशोधन अवघड असतंच, आणि असायलाच हवं. फ्रेड ब्रूक्स यांनी १९८६ सालच्या 'नो सिल्व्हर बुलेट' या निबंधात सॉफ्टवेअरच्या अवघडपणाचे दोन भाग केले होते. एक अंगभूत, म्हणजे प्रश्न मुळातच गुंतागुंतीचा असल्यामुळे येणारा. दुसरा आगंतुक, म्हणजे आपल्या साधनांनी आणि पद्धतींनी वर लादलेला. पहिला काढून टाकता येत नाही, दुसरा येतो. मला वाटतं, पीएच.डी.च्या बाबतीत आपण हे दोन्ही एकाच पोत्यात भरलेत. सहा महिने एक अभिक्रिया जमत नाही, सातव्या महिन्यात कळतं की कल्पनाच चुकीची होती, आणि तिकडे दुसऱ्या देशात कुणीतरी तेच आधी छापून मोकळं झालेलं असतं. हा झाला अंगभूत अवघडपणा. तो सोसायला जी चिवटाई लागते ती खरी आहे, शिकण्यासारखी आहे, आणि ती शिकवणारी माणसं प्रयोगशाळेतच असतात: दोन वर्षं पुढे असलेला सिनिअर, जो म्हणतो, "माझंही तिसरं वर्ष असंच गेलं, चल चहा घेऊ." पण सहीसाठी तीन दिवस केबिनबाहेर उभं राहणं, किंवा कोणत्या खिडकीवर कोणता फॉर्म द्यायचा हे कुणालाच ठाऊक नसणं, यातून विज्ञानाचं काय भलं होतं? हा आगंतुक त्रास सोसण्यात ज्याची चिवटाई खर्ची पडते, त्याच्याकडे सातव्या महिन्यातल्या त्या खऱ्या अपयशासाठी काय उरणार?

"आमच्या वेळी तर..." हे वाक्य इथे येणार याची मला खात्री आहे. त्यांच्यासाठी कमला सोहोनींची गोष्ट. दुर्गा भागवतांच्या या बहिणीला १९३३ साली बंगळूरच्या संस्थेत सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. ती हटली नाही, तेव्हा पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून न धरता काम बघू, अशी अट घालून तिला घेतलं. पुढे १९३९ साली तिने केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. आपण ही गोष्ट जिद्दीची गोष्ट म्हणून शाळेत सांगतो, आणि ती तशी आहेच. पण मला नेहमी वाटतं, त्या दारातून ज्या परत गेल्या त्यांच्या हुशारीचं काय झालं? त्यांची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत. आणि बाईंच्या त्या वर्षानंतर रामन यांनी इतर मुलींसाठी दार उघडलं. पुढच्या मुलींना दारात ठाण मांडून बसावं लागलं नाही, त्या सरळ प्रयोगशाळेत गेल्या. जिद्दीचा खरा उपयोग झाला असेल तर तो असा.

परदेशात सगळं आलबेल आहे अशी समजूत करून घेऊ नका. जर्मनीत २००७ च्या कायद्याने संशोधकाला पीएच.डी.आधी सहा आणि नंतर सहा वर्षंच मुदतीच्या कंत्राटांवर ठेवता येतं, मग कायमची जागा मिळाली तर ठीक, नाहीतर घरी. त्याविरुद्ध २०२१ मध्ये 'मी हाना आहे' म्हणत हजारो संशोधक बोलले. ब्रिटनमधल्या विद्यापीठांनी २०१९ साली एक करारनामा केला, त्यात एक छोटीशी गोष्ट मला फार आवडली. संशोधकाला वर्षातले किमान १० दिवस स्वतःच्या पुढच्या वाटेसाठी, काही नवं शिकण्यासाठी मिळाले पाहिजेत. दहा दिवस! खर्च जवळजवळ शून्य.

अशाच शून्य खर्चाच्या गोष्टी आपल्याकडे का होऊ नयेत? पहिल्याच दिवसापासून दुसरा एक गाईड, सहीचे अधिकार असलेला. सल्लागार समितीचा निमंत्रक विभागाबाहेरचा, आणि बैठकीतली शेवटची पंधरा मिनिटं गाईड खोलीबाहेर. पहिल्या महिन्यात गाईड आणि विद्यार्थ्याने मिळून लिहिलेलं एक पान: आठवड्यातून किती वेळा भेटायचं, लिहिलेलं वाचून किती दिवसांत परत द्यायचं, रविवारी फोन करायचा की नाही. मेकर-चेकरच्या जोडीला तिसरा एक बदली माणूस. आणि फेलोशिप अडकली तर 'अर्ज विचाराधीन आहे' याऐवजी नेमकी कुठल्या टेबलावर आहे ते दाखवणारं एक पान पोर्टलवर. ते तर मी एका शनिवार-रविवारात करून देईन.

समुपदेशकही हवेतच, हेही लिहून ठेवतो, नाहीतर माझ्या या लेखाचा उपयोग त्यांचं पद रद्द करायला व्हायचा! फक्त त्यांनी विभागप्रमुखाला काही कळवता कामा नये. आणि विद्यापीठात कुणी नसेल, किंवा असून जावंसं वाटत नसेल, तर सरकारची 'टेली-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून आहे. दिवसरात्र, फुकट. रात्री दोनला प्रयोगशाळेतून एकटं परत येताना कुणाशी बोलावंसं वाटलं तर हा नंबर मोबाईलमध्ये असू द्या.

आता थोडं आपल्याबद्दल, म्हणजे पीएच.डी. न करता नोकरीला लागलेल्या लोकांबद्दल. आमच्या एम.एस्सी.च्या बॅचमधले आम्ही सात जण सॉफ्टवेअरमध्ये आलो आणि बरे कमावतो. चार वर्षांपूर्वी आम्ही प्रत्येकी पन्नास हजार काढून एक खातं सुरू केलं. जुन्या विभागातल्या ज्या संशोधकाची फेलोशिप अडकली असेल त्याने तिथल्याच एका सिनिअर मुलीला मेसेज करायचा, दुसऱ्या दिवशी महिन्याचे पंधरा हजार त्याच्या खात्यावर. व्याज नाही, अर्ज नाही, जामीन नाही, गाईडची सही तर नाहीच नाही. कुणी घेतले हे आम्हा सात जणांना कळत नाही, फक्त किती बाहेर आहेत ते कळतं. थकबाकी आली की परत करायचे. पहिल्या वर्षी आमच्यातला एक जण (हा बँकिंगचं सॉफ्टवेअर करतो, म्हणून स्वभावाने संशयी) म्हणाला होता, की पैसे बुडणार. आजवर एकाचे बुडलेत, नऊ हजार, आणि त्याने मागच्या दिवाळीत त्यातले चार पाठवले. परवा हिशेब बघितला तेव्हा साडेतीन लाखांपैकी दोन लाख सत्तर हजार बाहेर होते, म्हणजे मार्चची फेलोशिप अजून आलेली दिसत नाही. आणखी दोघं-तिघं हवे आहेत. त्या विभागाचे नसलात तरी चालेल, किंवा सरळ आपापल्या विभागात असं एक खातं काढा. हिशेबाची साधी एक्सेल शीट आहे, मागितलीत तर पाठवतो.